उपजत गुण आणि शिकलेले कसब

(जुन्नर-आंबेगाव भागातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गुढीपाडव्याच्या आगेमागे नारायणगावात तमाशाच्या राहुट्या पडतात. जत्रेचा कार्यक्रम ठरविण्यासाठी गावोगावची पुढारी मंडळी तेथे येतात, फडमालकांपुढे बैठक मारतात, तारखा जुळवितात, घासाघीस करतात आणि सुपारी देऊन परततात. या बोलण्यांत एक वाक्य हटकून कानी पडते : ‘ही कला काय शिकून येते होय? ती यांच्या रक्तातच असते.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कौतुकच असते आणि ऐकणारा कलावंतही ते कौतुक म्हणूनच स्वीकारतो. परंतु त्याच बैठकीत बिदागी खाली आणण्याची खटपटही चाललेली असते. रक्ताचे हे कौतुक आणि बिदागीची ही घासाघीस यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न वरकरणी मानसशास्त्राचा दिसतो. माणसाच्या अंगी काही गुण जन्मतःच असतात आणि काही गोष्टी तो शिकतो. यांपैकी कोणत्याचा वाटा किती, एवढेच जर ठरवावयाचे असते तर तो वाद विद्यापीठांवर सोपवून मोकळे होता आले असते. परंतु आपल्या समाजात ‘उपजत’ हा शब्द निव्वळ वर्णनासाठी वापरला जात नाही. कोणाला किती मजुरी द्यावयाची, कोणाला कोणत्या शाळेत बसू द्यावयाचे आणि कोणाच्या मुलाने कोणते काम करावयाचे, याचा हिशेब त्या शब्दाच्या आधाराने केला जातो. म्हणून कार्यकर्त्याने त्याची तपासणी केली पाहिजे.

आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने हा प्रश्न बराच समंजसपणे हाताळलेला आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त काव्यनिर्मितीच्या मुळाशी तीन गोष्टी सांगितल्या : शक्ती, निपुणता आणि अभ्यास. शक्ती म्हणजे उपजत प्रतिभा. निपुणता म्हणजे लोकव्यवहाराच्या आणि शास्त्रांच्या अवलोकनातून आलेली जाण. आणि अभ्यास म्हणजे जाणकाराच्या हाताखाली केलेला सराव. विशेष हे की, ही तीन निरनिराळी कारणे आहेत असे तो म्हणत नाही. तिन्ही मिळून एकच कारण होते असे त्याचे म्हणणे आहे. एक काढून घेतले की उरलेली दोन पांगळी ठरतात. हा निकष हाती धरून नारायणगावच्याच उदाहरणाकडे वळू.

विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ सालचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला आणि वडील व चुलते यांनी तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने महाराष्ट्रभर नेला. विठाबाईंना १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि पुढे राज्य शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. त्यांच्याविषयी बोलताना ‘कला रक्तातच होती’ असे म्हणण्याची प्रथा आहे. ती किती खरी आहे?

फडात वाढणारे मूल काय काय शिकते याची मोजदाद सहसा कोणी करीत नाही. चालू लागण्यापूर्वी त्याच्या कानावर ढोलकी आणि हलगी पडते. ज्या वयात गावातील इतर मुले पाटीवर अक्षरे गिरवितात, त्या वयात फडातील मुलगी गणाला उभी राहते, गवळणीत मागच्या रांगेत पावले टाकते, मोठ्या बायकांच्या पाठीमागे राहून लावणीची अदा उचलते. ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळी शेवटच्या रांगेतील शेतकऱ्यापर्यंत शब्द स्वच्छ पोहोचविण्याचे तंत्र तिला छातीच्या जोरावर कमवावे लागे. बतावणीत सोंगाड्याने अकस्मात टाकलेला प्रश्न झेलून उलटविणे, वग रंगात येत नाही असे दिसताच तो आवरता घेणे, प्रेक्षकांत दंग्याची चिन्हे दिसू लागताच ढोलकीवाल्याला नजरेने खूण करणे, हे सारे रोज रात्री, हजारो डोळ्यांसमोर, चूक झाली तर भर कनातीत नाचक्की होईल अशा परिस्थितीत शिकावे लागते. दसऱ्याला बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत गावोगाव फिरत असतो. इतक्या रात्रींचा असा सराव एखाद्या नामवंत संगीत विद्यालयात झाला असता तर त्याला पदवी मिळाली असती आणि शिकविणाऱ्याला प्राध्यापक म्हटले गेले असते. तो राहुटीत झाला, म्हणून त्याला ‘रक्त’ म्हणतात.

येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. त्याच फडात, त्याच कनातीखाली वाढलेली मुले अनेक होती. विठाबाई एकच झाल्या. सारखे शिक्षण मिळूनही फळ सारखे येत नाही, हा अनुभव जगभरचा आहे. हंगेरीतील पोल्गार या शिक्षकाने आपल्या तिन्ही मुलींना लहानपणापासून बुद्धिबळाचे कसून शिक्षण दिले. तिघीही नामांकित खेळाडू झाल्या; यावरून शिक्षणाची ताकद सिद्ध झाली. परंतु १९९१ साली, पंधराव्या वर्षी, पुरुष खेळाडूंच्या बरोबरीने ग्रँडमास्टर किताब मिळविणारी धाकटी ज्युडिट दोघींच्याही पुढे गेली. १९९३ साली अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून सरावाचे महत्त्व ठासून मांडले; पुढे २०१४ साली अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तेव्हा संगीतातील कामगिरीच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्केच फरक सरावाच्या हिशेबाने उलगडतो, असे निघाले. उरलेला सारा भाग जन्माचा, असा मात्र याचा अर्थ होत नाही. शिकण्यास कोणत्या वयात आरंभ झाला, गुरू कसा मिळाला, घरात अन्न होते की नव्हते, मनाला उभारी होती की नव्हती, हे सारे त्या उरलेल्या भागात येते. तेव्हा प्रतिभा नावाची गोष्ट आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. समतेचा आग्रह धरणाऱ्याने सर्व माणसे एका साच्यातून निघालेली आहेत असे मानण्याची गरज नाही.

मात्र प्रतिभा माणसाची असते, जातीची नसते. विठाबाईंना बहिणींपासून, मैत्रिणींपासून, फडातील इतर सर्वांपासून वेगळे करणारे जे काही होते, ते त्यांचे स्वतःचे होते. आणि फडातील सर्वांना बाहेरच्यांपासून वेगळे करणारे जे होते, ते शिकलेले होते. ‘यांच्या रक्तातच असते’ हे वाक्य या दोन्ही गोष्टींची वाट लावते. एकीकडे ते विठाबाईंची व्यक्तिगत प्रतिभा हिरावून जातीच्या खात्यावर जमा करते आणि दुसरीकडे साऱ्या फडाचे शिक्षण पुसून टाकते.

याचा पडताळा उलट बाजूनेही पाहता येतो. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली कुलकर्णी वतनाच्या ब्राह्मण घरात जन्मलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशाच्या नादी लागले आणि पठ्ठे बापूराव म्हणून अमर झाले. त्यांच्या रक्तात तमाशा असण्याचा प्रश्नच नव्हता. महार-मांगांच्या फडात बसून, ऐकून, रचून आणि चुकून ते शिकले. संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंबरोबर त्यांनी फड गाजविला आणि जातीने त्यांना दूर लोटले. १९४५ साली हलाखीच्या स्थितीत त्यांचा अंत झाला. बापूरावांच्या लावणीविषयी लिहिताना अभ्यासक ‘प्रतिभा’ हा शब्द वापरतात, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या पवळाबाईंनी ती लावणी उभी केली, त्यांच्याविषयी लिहिताना ‘सौंदर्य’ आणि ‘रक्त’ हे शब्द पुढे येतात. एकाच बोर्डावर, एकाच रात्री, एकाच लावणीत कुलकर्ण्याच्या वाट्याला प्रतिभा यावी आणि महार स्त्रीच्या वाट्याला रक्त यावे, या वाटपात सारा प्रश्न सामावलेला आहे.

या वाटपाचे दोन परिणाम होतात. पहिला मोबदल्याचा. जे शिकून मिळविले त्याची किंमत मागता येते. शिकण्यात गेलेली वर्षे, खर्च आणि श्रम दाखविता येतात. जे रक्तातून आपोआप आले त्याची किंमत काय मागावयाची? झऱ्याच्या पाण्याचे पैसे कोणी देत नाही. पूर्ण दिवस भरलेली गरोदर विठाबाई बोर्डावर नाचत असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्यांनी दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. ती कलेवरील निष्ठेची कथा म्हणून ऐकली जाते. परंतु ज्या कामात बाळंतपणाची रजा नाही, खेळ अर्धा राहिला तर दंगा होण्याची भीती आहे आणि बिदागी बुडाली तर सगळ्या फडाच्या चुली विझण्याचा प्रश्न आहे, त्या कामाचीही ती कथा आहे, हे कोणी बोलत नाही. गिरणीतील स्त्रीच्या बाबतीत हेच घडले असते तर आपण मोर्चा काढला असता. उतारवयात या थोर कलावतीला पैशाची चणचण सोसावी लागली आणि अखेरच्या आजारात देणग्यांवर अवलंबून राहावे लागले. पुरस्कार मिळाले, निवृत्तिवेतनाचा हक्क मात्र मिळाला नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे जत्रा बंद राहिल्या, तेव्हा घेतलेली उचल डोक्यावर ठेवून फडांतील माणसे मिळेल त्या मोलमजुरीला गेली. रक्तातील कलेने त्यांना दोन महिनेही पोसले नाही.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ‘रक्तात आहे’ याचा पुढचा अर्थ ‘दुसरे काही यांच्याकडून व्हावयाचे नाही’ असा निघतो. नाचणारीच्या मुलीने नाचावे, हलगीवाल्याच्या मुलाने हलगी वाजवावी, हे मग निसर्गाचेच विधान ठरते. मुलीला परिचारिका व्हावयाचे असेल, मुलाला यंत्रशाळेत जावयाचे असेल, तर तो जणू आपल्या रक्ताशी द्रोह करतो. अशा रीतीने कौतुकाचा शब्दच पायातील बेडी होतो.

तमाशाचे क्षेत्र सोडून जुन्नर शहरात आले तरी हेच दिसते. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. धर्मकार्यासाठी दिलेले धन त्यांच्याकडे ठेव म्हणून सोपविलेले होते. सुमारे अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी या कारागिरांची पत इतकी होती की, देणगीदार आपला पैसा त्यांच्या हाती निर्धास्तपणे देत असे. पुढे मध्ययुगात आणि पेशवाईत जुन्नरचा हातकागद प्रसिद्ध झाला. जुन्नरी कागदावर दफ्तरे लिहिली गेली. हे काम येथील कागदी मुसलमान कुटुंबे करीत. चिंध्या आणि जुना कागद भिजवावयाचा, कुटावयाचा, नदीच्या पाण्यात धुऊन काढावयाचा, चुनकळीत मुरवावयाचा, हौदातील लगद्यातून साच्यावर नेमका एकसारखा थर उचलावयाचा, वाळवावयाचा, खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडाने घोटून त्याला बोरू चालेल अशी तुळतुळी आणावयाची. साचा पाण्यातून किती वेगाने आणि कोणत्या कोनात वर घ्यावयाचा, हे सांगून कळत नाही. हाताला ते वर्षानुवर्षांनी कळते. लोक म्हणत असतील, ‘कागद्याचा हात तो कागद्याचाच.’

नंतर गिरणीचा स्वस्त कागद आला, हातकागदाला गिऱ्हाईक उरले नाही, हौद कोरडे पडले आणि हे कसब जुन्नरातून नाहीसे झाले. त्या कुटुंबांचे वंशज आहेत. रक्त तेच आहे. मग कागद कोठे गेला? ज्या कसबाला रक्त म्हटले जात होते ते बाजार मोडताच नाहीसे होत असेल, तर ते शिकण्या-शिकविण्याच्या साखळीत होते आणि साखळी तुटताच संपले, हाच निष्कर्ष निघतो. कसब उपजत मानण्याचा हा एक मोठा धोका आहे. जे आपोआप येते ते आपोआप राहीलच, असे समजून समाज त्याची जोपासना करीत नाही आणि एके दिवशी ते गमावून बसतो.

आता घोड नदीच्या खोऱ्याकडे, आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याकडे वळू. येथील महादेव कोळी हे डोंगरउतारावर भात, नाचणी, वरई पिकविणारे आणि हिरडा गोळा करणारे शेतकरी आदिवासी. डिंभे धरणाच्या पाण्यात जुने आंबेगाव आणि आसपासची गावे बुडाली. ज्यांची जमीन गेली त्यांपैकी पुष्कळ कुटुंबे पाण्याच्या वर, डोंगरकडेला कशीबशी टिकून राहिली. पुढ्यात अथांग जलाशय. आणि त्यांचे नाव कोळी. बाहेरच्या माणसाला सहज वाटावे की, मासेमारी यांच्या रक्तातच असणार. वस्तुतः किनाऱ्यावरील कोळ्यांचा आणि या डोंगरी जमातीचा धंदा अगदी वेगळा. खोल पाण्यात नाव घालणे, जाळे विणणे व दुरुस्त करणे, मत्स्यबीज सोडणे, मासळी टिकविणे आणि बाजारात नेणे, यांतील एकही गोष्ट त्यांना येत नव्हती. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने धरणग्रस्तांनी हे काम शिकून घेतले, सहकारी संस्था उभी केली आणि जलाशयावर आपला हक्क सांगितला. २०१२ साली ‘शाश्वत’ला इक्वेटर पुरस्कार मिळाला, तो विस्थापितांच्या उपजीविकेच्या अशाच कामासाठी. नावात कोळी असून मासेमारी शिकावी लागते आणि शिकविली तर ती येते, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

याच पट्ट्यातील पडकईचे उदाहरण आणखी बोलके आहे. उन्हाळ्यात अनेक कुटुंबांनी एकत्र यावयाचे, आळीपाळीने एकमेकांच्या उतारावर खपावयाचे, दगडी ताली रचावयाच्या आणि उताराची भातखाचरे बनवावयाची, ही येथील जुनी रीत. उताराचा ढाळ डोळ्याने मोजावा लागतो, पावसाळ्यात पाणी कोठून येईल आणि कोठून काढून द्यावे लागेल हे आधी ओळखावे लागते, आणि चुन्याशिवाय रचलेला दगड मुसळधार पावसात बसून राहील असा निवडावा लागतो. पुढे पडकईची कामे रोजगार हमीखाली घेण्यात आली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु कागदावर ते काम कोणत्या रकान्यात लिहिले गेले? अकुशल. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात अकुशल श्रमाची व्याख्याच अशी करण्यात आली की, कोणतेही कसब किंवा खास शिक्षण नसताना कोणतीही प्रौढ व्यक्ती जे अंगमेहनतीचे काम करू शकते ते. पुण्यातील एखाद्या पदवीधराला डोंगरावर उभे करून ताल रचावयास सांगावे आणि पहिल्या पावसानंतर ती पाहावयास जावे, म्हणजे या व्याख्येचे मोल कळेल.

पूर्वेकडच्या बागायतीतही निराळे चित्र नाही. पश्चिमेच्या आदिवासी वाड्यांतून मजूर नारायणगावच्या बाजूला कामाला येतात. द्राक्षबागेत घडातील मणी कात्रीने विरळ करण्याचे काम, ज्याला बागाईतदार थिनिंग म्हणतात, ते मुख्यतः स्त्रिया करतात. कोणता मणी ठेवावयाचा आणि कोणता काढावयाचा यावर पुढे मण्याचा आकार आणि मालाचा भाव ठरतो; कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागले तर घड डागाळतो. दिवसभर मान वर करून, डोळ्यांत ऊन घेऊन हे करावे लागते. या कामासाठी स्त्रियाच का, असे विचारले की उत्तर तयार असते : ‘बाईचा हात उपजतच हलका असतो.’ आणि हजेरी देताना हाच हलका हात स्वस्त ठरतो. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. समान कामाला समान दाम हे तत्त्व त्याने मान्य केले. परंतु पुरुषाचे काम कसबाचे आणि बाईचे काम स्वभावाचे, असे एकदा ठरविले की दोन्ही कामे समान उरतच नाहीत आणि कायदा दाराशीच थांबतो.

आतापर्यंत ‘उपजत’ या शब्दाची खालची बाजू पाहिली. त्याला वरची बाजूही आहे. शहरातील सुशिक्षित घरातील मुलगा परीक्षेत वर आला की त्याला हुशारी ‘जात्याच’ आहे असे म्हणतात. त्याच्या घरी तीन पिढ्यांची पुस्तके असतात. आईवडिलांशी होणारे बोलणेच पाठ्यपुस्तकाच्या भाषेत होते. शिकवणी असते, अभ्यासाला स्वतंत्र खोली असते आणि नापास झालाच तर पुन्हा बसण्याची ऐपत असते. हे सारे शिक्षणच आहे, आणि ते चांगलेच आहे. परंतु त्याची नोंद शिक्षण म्हणून न होता ‘गुणवत्ता’ म्हणून होते. आदिवासी आश्रमशाळेतील मुलगी त्याच्यापेक्षा दहा गुणांनी मागे राहिली तर ती ‘मुळातच कमी’ ठरते आणि तिला मिळालेली राखीव जागा हा गुणवत्तेवरील अन्याय ठरतो. खालच्यांनी शिकलेले मोजावयाचे नाही, आणि वरच्यांना शिकविण्यासाठी जे खर्ची पडले तेही मोजावयाचे नाही, असा हा दुहेरी हिशेब आहे. दोन्ही ठिकाणी ‘उपजत’ हाच शब्द कामी येतो.

डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात या व्यवहाराच्या मुळावरच बोट ठेवले. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी सांगितले; आणि त्या विभागणीत माणसाच्या मूळ शक्तीला शिक्षणाने पैलू पाडून त्यानुसार काम दिले जात नाही, तर आईबापांच्या स्थानावरून ते आधीच नेमले जाते, हा दोष दाखविला. मूळ शक्तीही आहे आणि तिला शिक्षणही हवे, ही दोन्ही त्यांच्या मांडणीत एकत्र येतात. जात या दोहोंचीही शत्रू आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. कसब शिकून येते हे खरे. मग ते घरातच, बापाकडून मुलाने शिकावे, यात वाईट काय? याचे उत्तर इतिहासातील दोन योजनांत सापडते. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, तिच्यात हस्तोद्योग प्रत्येक मुलाने शिकावयाचा होता; ब्राह्मणाच्या मुलानेही सूत कातावे आणि सुतारकाम करावे, अशी कल्पना होती. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने निराळी योजना आणली : मुलाने अर्धा वेळ शाळेत बसावे आणि अर्धा वेळ घरचा धंदा शिकावा. वकिलाच्या मुलाला घरी काय मिळणार आणि चांभाराच्या मुलाला काय मिळणार, हे उघड होते. लोकांनी तिला कुलकल्वी, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव दिले. मोठे आंदोलन झाले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेतली गेली. हस्तकौशल्य दोन्ही योजनांत होते. एकीने ते सर्वांचे केले, दुसरीने ते जन्माला जखडले. २०२३ साली केंद्र सरकारने अठरा पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांसाठी विश्वकर्मा योजना सुरू केली. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि सवलतीचे कर्ज तीत आहे. कारागिराला विद्यावेतन मिळावे हे स्वागतार्हच आहे. परंतु घराण्याचा व्यवसाय हा तिचा पाया असल्याबद्दल तमिळनाडूने हरकत घेतली, ती १९५३ ची आठवण ठेवूनच. योजना कोणतीही असो, तिच्याविषयी एकच प्रश्न विचारावा : लोहाराच्या मुलीला लोहारकामाखेरीज इतर दरवाजे उघडे आहेत काय, आणि लोहाराच्या घरी न जन्मलेल्याला भाता हाती घेता येतो काय?

एकलव्याची गोष्ट आपण सारे जाणतो. गुरूने शिकविण्यास नकार दिला, तरी तो शिकला; त्याची प्रतिभा त्या शिकण्यातूनच उजेडात आली. शिकण्याची संधी नसती तर त्या अरण्यात एक श्रेष्ठ धनुर्धर आहे हे कोणाला, खुद्द त्यालाही, कधी कळले नसते. उपजत गुणाचे हे लक्षण आहे की तो शिकण्याशिवाय दिसत नाही. म्हणून ज्या समाजात शिकण्याची दारे बंद आहेत, त्या समाजाला कोणाच्या अंगी काय उपजत आहे याविषयी बोलण्याचा अधिकारच नाही. त्याने ते कधी तपासलेलेच नाही. डिंभ्याच्या काठावर उत्तम गणिती किती आहेत आणि पुण्याच्या पेठांत उत्तम ढोलकीवाले किती आहेत, हे आज कोणालाही सांगता येणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. मजुराला, कारागिराला, कलावंताला भेटताना ‘हे तुमच्याकडे पिढीजात आहे काय?’ असे विचारण्याऐवजी ‘हे आपण कोणाकडून शिकलात, किती वर्षे लागली?’ असे विचारावे. त्या उत्तरांची गावोगाव नोंद ठेवावी. पडकईची ताल, घडाची विरळणी, भाताची लावणी ही कामे ‘अकुशल’ या रकान्यातून बाहेर काढण्याची मागणी करताना हीच नोंद पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल. तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरवाच्या बरोबरीने बाळंतपणाची रजा, विमा आणि निवृत्तिवेतन मागितले पाहिजे. आणि फडाबरोबर फिरणाऱ्या मुलांना शाळा मिळाली पाहिजे, म्हणजे ज्याला बोर्डावर उभे राहावयाचे आहे तो आपल्या मर्जीने राहील आणि ज्याला नाही तो दुसरीकडे जाऊ शकेल.

पुढल्या पाडव्याला नारायणगावच्या राहुट्यांत पुन्हा बैठकी भरतील आणि तेच वाक्य पुन्हा कोणीतरी उच्चारील. त्या वेळी जवळ बसलेल्या एखाद्या कार्यकर्त्याने शांतपणे एवढेच विचारावे की, रक्तात असते तर ही मुलगी पाचव्या वर्षापासून रात्र रात्र कशासाठी जागली? आणि त्या जागरणाचा हिशेब धरूनच सुपारीचा आकडा ठरवावयास लावावा.